लहान मुलांना घेऊन गोव्यातली जुनी ठिकाणं: काय दाखवायचं, काय सोडायचं?

म्हापशेकरीण

नमस्कार मंडळी, जरा मदत हवीय. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात धाकटे दीर-जाऊ नाशिकहून येतायत. त्यांची दोन मुलं, मोठा आठ वर्षांचा आणि धाकटी पाच, त्यात आमचं शेंडेफळ चार वर्षांचं. सासूबाईही सोबत असणार, गुडघा दुखतो पण घरी बसायला तयार नसतात. दरवेळी पाहुणे आले की आम्ही कळंगुट-बागा करतो आणि ख्रिसमस ते न्यू इयर त्या रस्त्यांची काय दशा असते ते इथल्यांना सांगायला नको, निम्मा दिवस पार्किंग शोधण्यात आणि उरलेला निम्मा एकमेकांवर चिडण्यात जातो.

तर यंदा मी ठरवलंय की एक दिवस बीच आणि बाकी आतल्या बाजूची जुनी ठिकाणं, देवळं, गुहा, किल्ले, जुनं गोवं वगैरे. पुतण्याला शिवाजी महाराजांचं प्रचंड वेड आहे, फोनवर पहिला प्रश्न हाच, "काकू, महाराज गोव्यात आले होते का, कुठे थांबले होते?" आता हे सगळं शाळेत शिकून आपण विसरून गेलेलो असतो ना. आमच्या ह्यांचं म्हणणं, चार वर्षांच्या पोराला दगड दाखवून काय मिळणार, वाळूत सोडा, दोन तास निवांत. तेही अगदीच चूक नाही म्हणा.

मला हे हवंय की मुलं कंटाळून रडणार नाहीत, सासूबाईंना फार चढायला लागणार नाही, आणि घरी गेल्यावर पोरांना काहीतरी सांगता येईल. तांबडी सुर्ल्याच्या जुन्या देवळात न्यावं का एवढ्या लांब? आणि जुन्या गोव्यात चर्चमध्ये सेंट फ्रान्सिस झेवियरचं शव ठेवलंय त्याबद्दल मुलांनी विचारलं तर काय सांगता तुम्ही लोक? जाऊ म्हणतेय तिथे नकोच, पोरगी रात्री घाबरेल.

---

कुशावती

सगळे उत्तरेतलं सांगतील म्हणून मी आधीच घुसते. दक्षिणेला सांग्याकडे या! पणसायमळची कातळशिल्पं बघितलीयत का? उसगाळीमळ म्हणून बोर्ड दिसतो. रिवणच्या पुढे, कुशावती नदीच्या वळणावर उघडा चिऱ्याचा (जांभ्याचा) कातळ आहे आणि त्यावर शंभराच्या वर आकृत्या कोरलेल्या, बैल, हरणं, मोर, नाचणारी बाई, आणि गोल गोल फिरत आत जाणारा एक चक्रव्यूह. १९९३ मध्ये पुराभिलेख खात्याच्या नजरेला आलं हे, तोवर गाळाखाली बरंच झाकलेलं होतं आणि गावातले लोक म्हणायचे गुराख्यांनी वेळ घालवायला काढलंय. अभ्यासकांचं वयाबद्दल एकमत नाही, कुणी मध्याश्मयुगापर्यंत मागे नेतात कुणी बरंच अलीकडे आणतात, पण मुलांना एवढं सांगितलं तरी पुरतं की तेव्हा गोव्यात देऊळ नव्हतं, किल्ला नव्हता, राजाच नव्हता.

मी हे लहान मुलांसाठीच का सुचवतेय तर तिथे वाचायला काही लागत नाही गो. देवळात गेलं की आपण सांगणार हे कदंबांचं, हे यादव शैलीचं, पोरांना काय त्याचं. इथे बैल म्हणजे बैल! चार वर्षांचं पोर मोठ्यांच्या आधी शोधतं, कारण त्याचे डोळे जमिनीपासून जवळ असतात आणि त्याला ओळखायला नाव लागत नाही. चक्रव्यूहाशी तर मोठी माणसंही बसून हवेत बोट फिरवत बाहेरची वाट शोधत बसतात.

पण वेळेचं नीट ऐक. रेषा उथळ आहेत. भर दुपारी बारा वाजता गेलीस तर ऊन डोक्यावर, सावली पडत नाही आणि सगळा कातळ सपाट दिसतो, लोक येतात आणि "काहीच नाही इथे" म्हणून परत जातात. सकाळी लवकर किंवा चार नंतर तिरप्या उन्हात या, तेव्हा प्रत्येक रेषेला काठ येतो आणि जे दिसत नव्हतं ते उठून दिसतं. काहीजण नीट दिसावं म्हणून बाटलीतलं पाणी ओततात, खडूने रेषा गिरवतात, कृपा करून तसलं काही करू नका, आणि चपला काढून कडेकडेनं फिरा. पावसात नदी वर येते तेव्हा जाऊच नये, डिसेंबर उत्तम.

परतताना रिवणची गुहा, पांडवांची म्हणतात, खरं तर बौद्ध भिक्षूंची मानतात, सहाव्या-सातव्या शतकातली. छोटीच आहे, टॉर्च घ्या, मुलांना टॉर्च हातात दिली की अर्धं काम झालं.

---

बाबा_ऑन_ड्युटी

कुशावतीताई, ठिकाण भारी आहे यात वाद नाही पण म्हापशाहून रिवण म्हणजे चार वर्षांच्या पोराला गाडीत किती वेळ बसवणार? आमची धाकटी फोंडा यायच्या आधी उलटी करते. सकाळच्या तिरप्या उन्हात पोचायचं तर पहाटे पाचला निघायला हवं, तीन पोरं, आजी, डबे, हे पहाटे पाचला कुणाच्या घरात होतं ते मला दाखवा.

मी सांगतो रेइश मागुश. तुम्हाला म्हापशाहून जवळ, रस्ता चांगला. १५५१ चा किल्ला आहे, बरीच वर्षं जेल होता, मग नीट दुरुस्त करून २०१२ मध्ये लोकांना उघडला, त्यामुळे कठडे आहेत, पायऱ्या धड आहेत, खोल्यांत सावली आहे. खाली मांडवी, समोर पणजी. आत मारियो मिरांडांची चित्रं आहेत, त्यातली माणसं पोरं एकेक करून बघतात आणि खिदळतात. आणि आमच्या थोरल्याचं सगळ्यात आवडतं म्हणजे दरवाजाच्या वरचं भोक, तिथून शत्रूवर उकळतं तेल ओतायचे म्हणे. त्या भोकाखाली उभं राहून वर बघायचं आणि मग ओरडत पळायचं, एवढंच चाललं होतं, बाकी तोफा-बिफा कुणी बघितल्या नाहीत. सोमवारी बंद असतो तेवढं लक्षात ठेवा.

आग्वाद वरचा किल्ला मोकळा आहे, पळायला जागा आहे, १६१२ चा, मध्ये पिण्याच्या पाण्याची जमिनीखालची प्रचंड टाकी, जहाजं येऊन पाणी भरून न्यायची. पण सावली नाही आणि त्या आठवड्यात गर्दी मरणाची. शापोरा तर आजी आणि चिल्लीपिल्ली घेऊन अजिबात नको, चढ निसरड्या खडीचा आणि वर पोचल्यावर भिंत आणि वारा. फोटो काढणाऱ्या कॉलेजच्या पोरांसाठी ठीक.

---

साखळीची_बाई

मी प्राथमिक शाळेत शिकवते, दरवर्षी पोरांच्या सहली नेते, त्यामुळे थोडं लांबलचक लिहिणार आहे, आधीच सांगते.

पहिलं म्हणजे एका दिवसात एकच ठिकाण. दोन नाही. पालकांचं गणित असं असतं की एवढं लांब आलोय तर तेही करून टाकू, आणि मुलाचं सगळं लक्ष पहिल्याच ठिकाणी संपलेलं असतं. दुसऱ्या ठिकाणी जे रडणं होतं ते इतिहासाचा कंटाळा म्हणून नाही, भूक आणि झोप म्हणून होतं, पण घरी जाताना आपण ठरवून टाकतो की "ह्याला असल्या जागा आवडत नाहीत".

दुसरं, शेजारी पाणी असलेलं ठिकाण निवडा. गोव्यात हे सोपं आहे कारण जुनी वस्ती नदीला धरूनच होती. हरवळेला गुहा आणि धबधबा शेजारी. गुहा जांभ्या दगडात कोरलेल्या, सहाव्या-सातव्या शतकातल्या, पाच दालनं आणि आत शिवलिंगं. खरं सांगायचं तर बघायला दहा मिनिटं लागतात. मग धबधबा. डिसेंबरात पाणी बेताचं असतं, पण खालच्या डोहात मुलांना उतरवू नका, खोल आहे आणि तिथे जीव गेलेले आहेत, काठावरून बघायचं, रुद्रेश्वराच्या देवळात टेकायचं, साखळीच्या बाजारात येऊन भाजी-पाव खायचा.

मुलं हमखास विचारतात, "खरंच पांडवांनी कोरल्या?" गोव्यात निम्म्या गुहा पांडवांच्याच आहेत, बिचाऱ्यांना वनवासात दुसरं कामच नव्हतं जणू. मी "नाही" असं तोडून टाकत नाही. मी विचारते, कशाने कोरलं असेल? छिन्नीच्या खुणा दिसतायत का? एका माणसाला किती दिवस लागले असतील? मग तेच म्हणतात की भीम असता तर लवकर झालं असतं. चांगलं आहे की. आठ वर्षांच्या मुलाला पुढे सांगता येतं की साधू-भिक्षू पावसाळ्यात फिरायचे नाहीत, एका जागी राहायचे, त्यांना कोरडी जागा हवी होती. आपल्याकडचा पाऊस त्याला माहीत आहे, नाशिकचा असला तरी समजेल.

तिसरं, लेक्चर नको, काम द्या. तांबडी सुर्ल्याला मी सांगते, हत्ती शोधा, आणि या नंदीचं काय हरवलंय ते बघून सांगा. नंदीला डोकं नाही. जो आधी सांगेल त्याला काही बक्षीस वगैरे देऊ नका, नुसतं "अरे हो की!" म्हटलं तरी फुलतात. मग मोठ्यांसाठी प्रश्न: इथे येताना रस्त्यात सगळी माती लाल, दगड लाल, मग हे देऊळ काळं कसं? हा बेसॉल्ट आहे, घाटावरचा दगड, इथला नाही. बाराव्या-तेराव्या शतकात तो जंगलातून खाली आणला, आणि अनमोड घाटाच्या पायथ्याला एवढ्या आत असल्यामुळेच देऊळ वाचलं. आठ वर्षांच्या मुलाच्या डोक्यात हे पक्कं बसतं कारण त्याने लाल आणि काळं स्वतः बघितलेलं असतं.

पणजीहून पासष्ट किलोमीटरच्या आसपास आहे, म्हणजे तुम्हाला थोडं जास्त. पण गाडी उभी केल्यावर चालणं फार नाही, आजींना जमेल. खाली नदी. देऊळ लहान आहे, बघून होतं पटकन, मग पायऱ्यांवर बसून डबा. माकडं असतात, डबा उघडताना एकाने काठी घेऊन उभं राहायचं, हे काम आठ वर्षांच्याला द्या, सरदार केल्यासारखं वाटेल त्याला.

---

पात्रांव७१

सगळं वाचलं. माझं वेगळं मत, राग मानू नका. पाच वर्षांच्या आतल्या पोराला यातलं काहीही आठवत नाही. माझी मुलं आता कॉलेजात, लहानपणी हम्पी दाखवली, बदामी दाखवली, विचारा त्यांना, एकाला आठवतं की तिथे आइस्क्रीम पडलं होतं. पैसे-पेट्रोल घालवून ऊन खायचं. दहा वर्षांची झाल्यावर न्या, तोवर मिरामारला सोडा.

---

साखळीची_बाई

पात्रांव, आठवण राहावी म्हणून नेतच नाही हो आपण. तसं बघायला गेलं तर तीन वर्षांपर्यंत जे जेवण भरवलं तेही आठवत नाही.

---

कुशावती

😂 आणि आइस्क्रीम हम्पीलाच पडलं होतं ना, बदामीला नाही, म्हणजे जागा आठवतेय की पोराला.

बाबा_ऑन_ड्युटी, पहाटे पाच नको, चार नंतरचं ऊनही चालतं म्हटलं मी. सकाळी आरामात निघायचं, दुपारी साळावली धरणावर थांबायचं, तिथे बाग आहे, झाडं आहेत, पोरं झोपतील. आणि तिथेच कुर्डीचं महादेवाचं देऊळ आहे, धरणात गाव बुडणार म्हणून देऊळ दगड न् दगड सुटं करून इकडे आणून परत उभं केलंय. माझ्या माहेरच्यांचे नातेवाईक कुर्डीचे होते. मे महिन्यात पाणी उतरलं की गाव वर येतं, घरांची जोती दिसतात, लोक जाऊन दिवा लावतात. मुलांना "देऊळ उचलून आणलं" हे जे वाटतं ना, ते मी बघितलंय, आमच्या भाचीने घरी येऊन लेगोचं घर एका खोलीतून दुसऱ्या खोलीत एकेक तुकडा करून नेलं, अख्खी संध्याकाळ.

---

म्हापशेकरीण

अगं किती छान लिहिता तुम्ही सगळे, प्रिंट काढून फ्रिजवर लावते आता. पात्रांव, तुमच्यात आणि आमच्या ह्यांच्यात काही नातं आहे का बघायला हवं 😄

पण महाराजांचं कुणीच काही लिहिलं नाही, पुतण्या मला सोडणार नाही. आणि जुन्या गोव्याचं पण राहिलं. आणि प्लीज टॉयलेटचं सांगा, कुणी लिहीत नाही पण तेच सगळ्यात महत्त्वाचं.

---

दिवाडकर

पुतण्यासाठी एक दिवस माझ्याकडून घ्या, त्यात महाराज पण येतात, जुनं गोवं पण येतं आणि दोन फेरीबोटी पण. बाईंनी वर म्हटलं एका दिवसात एकच ठिकाण, मला पटतं, पण हे एका धाग्यात ओवलेलं आहे म्हणून चालेल असं वाटतं. बघा.

सकाळी नऊला जुन्या गोव्यात. बॉम जेझूला (शव आहे ते चर्च) थेट जाऊ नका, आधी सांत आगुस्तीनचा बुरूज. टेकडीवर उघड्यावर चिऱ्याचा एकटा बुरूज उभा आहे, ४६ मीटर उंच, बाकी सगळी इग्रज (चर्च) पडलेली, जमिनीवर नुसत्या भिंतींच्या रेषा आणि थडग्यांच्या फरश्या, त्यामुळे मुलांना एका खोलीतून दुसऱ्या खोलीत पळता येतं, कुणी शू शू करत नाही. १६०२ चं बांधकाम, १८३५ मध्ये पोर्तुगीज सरकारनेच मठ बंद करायला लावले, मग १८४२ मध्ये छप्पर कोसळलं. आता पोरांना विचारायचं, बुरजात घंटा होती ती कुठे गेली? ती पणजीच्या इग्रजीत आहे, ती नागमोडी पांढऱ्या पायऱ्यांची. संध्याकाळी परत जाताना दाखवा, खजिना सापडल्यासारखं करतात.

आठ वर्षांच्याला तिथली आणखी एक गोष्ट. जॉर्जिया देशाची राणी केतेवान, तिला १६२४ मध्ये पर्शियात शिराझला ठार मारलं, आणि आगुस्तीन साधूंनी तिच्या अस्थींचा काही भाग गोव्यात आणून इथे पुरला असं जुन्या कागदांत लिहिलेलं होतं. पुरातत्त्ववाल्यांनी कागदात सांगितलेली खिडकी शोधली, तिथे खणलं, हाड मिळालं, हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेत डीएनए तपासला, आणि २०२१ मध्ये आपल्या सरकारने ते जॉर्जियाला दिलं. गुप्तहेरकथाच आहे ही, कुठे मारलं कसं मारलं ते सांगायची गरज नाही, शोधलं कसं ते सांगा. त्या मुलाला आवडेल.

मग खाली से कॅथेड्रल. एकच प्रश्न: दुसरा टॉवर कुठंय? १७७६ मध्ये पडला, परत बांधलाच नाही. एवढं बघून बाहेरच्या हिरवळीवर बसा.

आता बॉम जेझू आणि शव. मी तिथे वाढलो म्हणून सांगतो, घाबरण्यासारखं काही दिसतच नाही. चांदीची पेटी आहे, ती संगमरवरी थडग्याच्या वर बरीच उंच, खालून पोरांना चकचकीत पेटी दिसते, बस. पेटी खाली आणतात ती दहा वर्षांतून एकदा, मागच्या वेळी २०२४ नोव्हेंबर ते २०२५ जानेवारी झालं, म्हणजे आता बराच काळ नाही. विचारलंच तर खरं सांगा की फ्रान्सिस झेवियर नावाचे एक पाद्री होते, १५५२ मध्ये चीनच्या किनाऱ्याजवळ वारले, त्यांचं शरीर जपून इथे ठेवलंय, लोक त्यांना सायब म्हणतात आणि नवस बोलतात. "पुतळा आहे" वगैरे खोटं सांगू नका, मुलं दुसऱ्याकडून ऐकतात आणि मग जास्त घाबरतात. खांदे-गुडघे झाकलेले हवेत, मुलांना अर्थात कुणी काही म्हणत नाही.

आणि इथेच तुमच्या पुतण्याची गोष्ट येते. १६८३ मध्ये संभाजी महाराज गोव्यावर चालून आले, जुवे बेटावरचा किल्ला घेतला, शहर एवढं जवळ की पोर्तुगीजांचे पाय लटपटले. तेव्हा व्हाइसरॉय काउंट ऑफ आल्वोर याच बॉम जेझूमध्ये आला, पेटी उघडायला लावली आणि आपला राजदंड सेंट झेवियरच्या हातात ठेवला, की आता शहर तूच सांभाळ. पुढे मोगल फौज कोकणात उतरली म्हणून महाराजांना माघारी वळावं लागलं. ज्या पेटीकडे बघून मुलगा कंटाळला असता त्याच पेटीपुढे तो हे ऐकेल तेव्हा चेहरा बघा त्याचा.

मग गाडी घेऊन व्हाइसरॉयच्या कमानीखालून धक्क्यावर. रस्ता कमानीतूनच जातो, मान वर करून बघा. फेरीत गाडी चढते, मुलं रेलिंगशी, एका मोठ्या माणसाने प्रत्येकी एक हात धरायचा, यात सूट नाही. पलीकडे आमचं दिवाडी. बेट पार करून दुसऱ्या टोकाला दुसरी फेरी, ती नार्व्याला नेते. नार्व्याला सप्तकोटेश्वर. हा गोव्याच्या कदंब राजांचा देव, त्यांच्या नाण्यांवर याचं नाव असायचं. मूळ देऊळ दिवाडीत, पोर्तुगीजांनी ते पाडलं, लोकांनी लिंग नदीपलीकडे नार्व्याला नेलं, आणि १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी देऊळ बांधायला लावलं, दारावर तसा शिलालेख आहे. अलीकडे दुरुस्ती होऊन २०२३ मध्ये परत खुलं झालं. आधी त्याच वाटेने तुम्ही पण नदी ओलांडलेली असते, त्यामुळे "नदीपलीकडे नेलं" म्हणजे काय ते मुलांना वेगळं समजवावं लागत नाही.

टॉयलेट: जुन्या गोव्यात आहे, तिथेच सगळ्यांना नेऊन आणा, नको म्हटलं तरी न्या. बेटावर भरवसा धरू नका.

---

बाबा_ऑन_ड्युटी

हे जबरदस्त आहे, मीच करतो आता हा दिवस. एक शंका, पाडलं-फोडलं वगैरे पाच वर्षांच्या पोरांसमोर कसं बोलता? आमच्याकडे थोरल्याचा बेस्ट फ्रेंड ख्रिश्चन आहे, घरी येऊन काहीतरी बोलून बसेल त्याला, ते मला नको.

---

दिवाडकर

आमच्या बेटावर ख्रिश्चनांची पोरं आणि आमची पोरं एकाच फेरीतून शाळेत जायची, त्यामुळे हा प्रश्न आम्हाला रोजचा. मी घडलं तेवढं सांगतो, त्या काळच्या राजाने पाडलं, लोकांनी लपवून नेलं, दुसऱ्या राजाने बांधलं. "त्यांनी" आणि "आपण" हे शब्द वापरायचे नाहीत, कारण तुझ्या मित्राचे खापरपणजोबा पण तेव्हा याच बेटावर भात लावत होते रे बाबा. मुलांना ते लगेच पटतं, मोठ्यांना वेळ लागतो.

---

साखळीची_बाई

अगदी हेच, आणि लहान असतील तर "लपवून नेलं" या भागावर जास्त वेळ घालवा, मुलांचा जीव तिथेच असतो. रात्री नेलं का, होडीत नेलं का, जड होतं का, विचारतच राहतात, उत्तर येत नसेल तर "तुला काय वाटतं" म्हणायचं.

त्या दिवशी म्युझियम जमवायचं असेल तर पुरातत्त्वचं संग्रहालय से कॅथेड्रलच्या शेजारीच आहे, वीरगळ छान आहेत, पण शुक्रवारी बंद. पंधरा वर्षांच्या आतल्यांना तिकीट नाही. पण मी तुमच्या जागी असते तर सोडलं असतं, त्या दिवसात आधीच पुष्कळ आहे.

---

म्हापशेकरीण

ठरलं मग. पहिला दिवस रेइश मागुश सकाळी, दुपारी घरी झोप. दुसरा दिवस जुनं गोवं-दिवाडी-नार्वे. तिसऱ्या दिवशी बीच, पात्रांवच्या आणि ह्यांच्या मानासाठी. शेवटच्या दिवशी तांबडी सुर्ला की पणसायमळ यावर घरात मतदान आहे, मी कातळाच्या बाजूने, जाऊ देवळाच्या, सासूबाई म्हणतात जिथे बसायला सावली तिथे. पुतण्याला राजदंडाची गोष्ट आधीच सांगून टाकली फोनवर, राहवलं नाही, आता तो विचारतोय की राजदंड परत घेतला का तिथेच आहे अजून.

---

कुशावती

सासूबाईंचं मत धरलं तर तांबडी सुर्लाच, तिथे झाडं आहेत, कातळावर सावली नाही हे मान्य करावंच लागेल. पण मग पणसायमळ पुढच्या वेळी आमच्याकडे मुक्कामाला येऊन करा, शिवरात्रीच्या सुमारास, नदीही उतरलेली असते. आणि तांबडी सुर्ल्याच्या वाटेवर मोल्याच्या पुढे मोबाइलची रेंज जाते, नकाशा आधी डाउनलोड करून ठेवायला सांग ह्यांना. माकडांसाठी काठी विसरू नको.